गस्तीच्या वाटेवरचं पाणी

मी अमरावतीच्या एका कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे पाहतो, मग माझ्या साडीकडे पाहतो आणि विचारतो, "म्हणजे परेड वगैरे का?" नाही म्हटलं की त्याला पुढे विचारायचं काही उरत नाही. नातेवाइकांनी तर या विषयाला कधी विषय मानलंच नाही. गणित शिकवणारीला मान, इंग्रजी शिकवणारीला शिकवण्या, आणि मी म्हणजे "ते लढाईचं काहीतरी शिकवते ना, ती."

वर्गात येतात ती बहुतेक भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. सकाळी मैदानावर धावतात आणि दुपारी माझ्यासमोर बसून पेंगतात. काही जण नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातली पाळी संपवून थेट येतात, त्यांच्या केसांत सुताचे तंतू अडकलेले असतात. ड्रोनचा तास असला की सगळे जागे. कुठे कोणी कोणाचा रणगाडा वरून कसा उडवला याचे व्हिडिओ त्यांनी माझ्याआधी पाहिलेले असतात. पण ज्या लढाईत समोर रणगाडा नसतो, शत्रूही दिसत नाही, तिचा तास सुरू झाला की डोळे मिटायला लागतात. मला मात्र तोच भाग जवळचा वाटायचा. गावात मिसळून राहिलेला बंडखोर, त्याला शोधत फिरणारी फौज आणि या दोघांच्या मधे सापडलेलं गाव.

या भागाचं सार सगळ्या पुस्तकांत सारखंच असतं. डोंगर बंदुकीनं घेता येतो, गाव घेता येत नाही. गाव ज्याला खबर देतं तो जिंकतो. म्हणून फौजेनं लोकांत जावं, त्यांचं दुखणंखुपणं विचारावं, त्यांच्या ओट्यावर बसावं, ते देतील ते घ्यावं. पुस्तकं याला लोकांची मनं जिंकणं म्हणतात. मी ते फळ्यावर लिहायची, पोरं उतरवून घ्यायची, पेपरात जसंच्या तसं लिहायची आणि मी मार्क द्यायची. असं बरीच वर्षं सुखानं चाललं.

गंमत अशी, की ही लढाई लढून आलेला माणूस माझ्या घरातच होता. माझे वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि अकोल्यात छोटं घर बांधून राहिले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी सरहद्दीकडच्या डोंगरांत काढली होती. मी त्या प्रदेशावर पुस्तकं वाचायची, टिपणं काढायची आणि शनिवारी अमरावतीहून अकोल्याला गेले की त्यांना विचारायची, "बाबा, तिकडं कसं होतं?"

"थंडी राहे लय," ते म्हणायचे. एवढंच. मग टीव्हीचा आवाज वाढवायचे.

त्यांची एक खोड होती. ते कोणाच्याही घरचं पाणी पीत नसत. कुठेही गेले तरी खांद्याला स्वतःची बाटली. चहा चालायचा, जेवण चालायचं, पण दारात गेल्यावर पुढे आलेला पाण्याचा गिलास ते हातानं बाजूला करायचे. आमच्या लोकांत याचा अर्थ काय होतो हे बाहेरच्याला चटकन कळणार नाही. आमच्या आजोबांना त्यांच्या गावातल्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कोणाला दया आलीच तर तो वरून ओतायचा आणि आजोबा ओंजळ धरून खाली बसायचे. बाबांनी लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलेलं. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, पुढे गाव सुटलं, शिक्षण आलं, नोकऱ्या आल्या, पण पाण्याची गोष्ट आमच्या मनातून गेली नाही. आमच्याकडे पाहुणा आला की बोलण्याआधी गिलास पुढे येतो. तो नाकारणं म्हणजे सरळ तोंडावर मारणं.

बाबा नेमकं तेच करायचे. माझी सोयरीक जुळत होती तेव्हा त्यांनी माझ्या होणाऱ्या सासूच्या हातचा गिलास परत केला. आई तेव्हा होती. "त्याईच्या पोटाले सोसत नाही दुसरं पानी," असं म्हणून तिनं कसंबसं सावरून घेतलं. मामाकडचे मात्र उघड म्हणायचे, सुभेदार झाला आणि आपली माणसं विसरला. मला बाबांचा फार राग यायचा. एवढी वर्षं लोकांमध्ये राहून माणूसपणाची एवढी साधी रीत कशी विसरतो हा माणूस, असं वाटायचं.

माझी एक बहीण आहे, माझ्यापेक्षा बरीच लहान. आई गेली तेव्हा ती शाळेत होती, म्हणजे अर्धी माझ्याच हातची. ती निमलष्करी दलात अधिकारी झाली. ट्रेनिंग संपलं आणि तिला पूर्वेकडच्या जंगलातली चौकी मिळाली. बातम्यांत अधूनमधून स्फोटाचं आणि चकमकीचं नाव येतं, तो भाग. रुजू होण्याआधी ती रजेवर आली. आधी अमरावतीला माझ्याकडे उतरली, स्टेशनवरून थेट गिला वडा खायला घेऊन चल म्हणाली, दोन प्लेट दही-वडे हाणले, आणि मग तोंड पुसत म्हणाली, "ताई, जंगलात टाकलं मले." मी हसून "बरंय" म्हटलं. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडला आणि रडले. आई नसलेल्या पोरीला मीच वाढवलं होतं, आणि ती जिथं निघाली होती तिथल्या वाटा मी पुस्तकांत नकाशासकट पाहिल्या होत्या.

अकोल्याला गेल्यावर बाबांनी तिचा बूट मागितला, तळव्याला अंगठ्यानं दाबून पाहिलं, परत दिला.

ती जायच्या आधी मामानं शेतात रोडग्यांचं जेवण ठेवलं. अकोल्याच्या बाहेर, खारपाणपट्ट्यात त्याचं रान आहे. गोवऱ्यांचा विस्तव, त्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वरूडहून कोणी तरी आणलेल्या संत्र्यांचं पोतं. पंगत उठल्यावर आम्ही दोघी लिंबाखाली बसलो. तिनं संत्रं सोलता सोलता विचारलं, "ताई, तू एवढं शिकवतं, तर सांग ना मले. गावात गेल्यावर पयले काय करू?"

मला तेच हवं होतं. मी माझा तास सुरू केला. गस्तीची वाट रोज बदलायची, एकाच वेळी निघायचं नाही, हे तिला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं. मी लोकांवर आले. घरच्यासारखं जायचं, म्हाताऱ्यांशी बोलायचं, पोरीबाळींच्या शाळेचं विचारायचं. तेवढ्यात मामी बाबांपुढे पाण्याचा तांब्या घेऊन गेली. बाबांनी आपली बाटली उचलून दाखवली. मामीनं ओठ मुडपले आणि वळली. सोयरिकीपासूनचा माझा राग एकदम वर आला. मी मुद्दाम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे असं करायचं नाही. लक्षात ठेव. एक वेळ चहा सोड, पण पाणी नाकारलं की ते घर गेलं तुझ्या हातचं."

बाबा उठून आमच्याजवळ आले. मला वाटलं, रागावणार. ते धाकटीसमोर मातीत मांडी घालून बसले.

"नको घेऊ," ते म्हणाले. "कोनी पानी देल्लं त नको घेऊ."

"काहून बाबा?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मला आजवर न सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. मी शेजारी बसलेली होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आमची चौकी वर टेकडीवर व्हती. खाली गाव. गस्त गावातूनच जाये. शेवटच्या घरी एक म्हातारी राहे. एकटी. पयल्या दिवशी तिनं हाक मारली. भाषा ना तिची मले समजे, ना माही तिले. स्टीलच्या गिलासात पानी घेऊन उभी. मी थांबलो. तुह्या आज्याले म्या ओंजळीनं पानी पेताना पाह्यलं व्हतं पोरी. आन इथं परक्या मुलखातली बाई, जात नाही पुसली, नाव नाही पुसलं, गिलास हातात देऊन राहिली. मी कसा नाही म्हनू? पेलो."

"मंग?"

"मंग काय. जवा जवा त्या वाटेनं गेलो तवा तवा पेलो. वाट बदलायची, हे शिकवलं व्हतं. पन तिच्या दारावरून गेल्याशिवाय मले राहवे ना. न्हाई गेलो त वाईट वाटेन तिले, असं वाटे. आमचा साहेब खुश. म्हने, देखो, सुभेदार का गाँव से रिश्ता कितना अच्छा है. बाकीच्या तुकड्याईले म्हने, असं करा."

विस्तवाकडे मामाची माणसं भांडी घासत होती, त्यांचा आवाज येत होता.

"आमी दिवसा जाऊ. दिवस बुडाला का वर येऊ. ते लोक दिवस बुडाल्यावर गावात येत. आमी निघून येत व्हतो, ते तिथंच थांबत. हे समदं मले ठाऊक व्हतं, पन त्या म्हातारीच्या बाबतीत ध्यानातच नाही आलं. एक दिवस गेलो त दार उघडं, म्हातारी नाही. झऱ्यापाशी सापडली. बाजूले गिलास ठेवला व्हता. पडला नव्हता, ठेवला व्हता. नीट."

धाकटीच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

"तो माह्यासाठी ठेवला व्हता," बाबा म्हणाले. "मंग आमी गावाले घेरा घातला. घरं तपासली. कोनी काही बोलेना. बोलून मरायचं, हे त्याईले दिसलं व्हतं. तवापासून ते गाव आमच्याकडं पाहेच ना."

ते उठले, मागची माती झटकली आणि बांधाकडे चालत गेले. मी जे काही फळ्यावर लिहीत होते ते सगळं त्या दुपारी मला अगदी पोरकट वाटलं. मनं जिंकायची म्हणे. जिंकलेल्या मनाचं दिवस बुडाल्यावर काय होतं, हे एकाही पुस्तकात माझ्या वाचनात आलं नव्हतं. आईचीही फार आठवण आली. तिनं जन्मभर पोटाचं कारण सांगितलं. तिला हे माहीत होतं की नाही, तेही आता तिला विचारता येणार नव्हतं.

धाकटी माझ्यासारखी नाही. ती रडत बसत नाही. परतीच्या वाटेवर गाडीत तिनं बाबांना सरळ विचारलं, "नाही म्हनताना हळू म्हनू का जोरात?"

बाबा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "जोरात. समद्याईले ऐकू गेलं पाहिजे का तिनं देल्लं आन तू नाही घेतलं. तिले राग आला त येऊ दे. ती जिवंत त राहीन."

ती गेली. अकोला स्टेशनवर बाबांनी तिला हात केला तो हात गाडी गेल्यावरही काही वेळ वरच होता.

मी पुढच्या टर्मला तो तास वेगळा घेतला. नाव न घेता, जागा न सांगता, म्हातारीची गोष्ट सांगितली. वर्ग जागा होता. मी फळ्यावर माझं वाक्य लिहिलं: जिथं मुक्काम करता येत नाही, तिथं ओळख दाखवू नये. मला ते वाक्य फार आवडलं होतं. स्वतःच्या घरातून आलेला धडा होता, पुस्तकी नव्हता. परतवाड्याहून रोज एसटीनं ये-जा करणारी एक मुलगी हात वर करून म्हणाली, "मॅडम, मंग ओळखच नसन तर खबर कोन देईन?" मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, ते आपण पुढच्या तासाला घेऊ. पुढच्या तासाला ड्रोन होते.

धाकटीचा फोन रविवारी दुपारी यायचा. रेंज असली तर. मी रविवारी अकोल्यातच असायचे, फोन स्पीकरवर टाकून मधे ठेवायचा आणि दोन्ही बाजूंनी आम्ही बसायचो. चौकी कशी आहे, डास किती आहेत, भाजीत नुसता भोपळा कसा असतो, असं काहीबाही सांगायची. पावसाळ्यात एकदा म्हणाली, "बाबा, झालं एकदाचं. नाल्याच्या अलीकडच्या गावात गेलतो. एक बाई तांब्या घेऊन आली. मी जोरात नाही म्हनलं. हात पन उडवला. अर्ध्या गावानं पाह्यलं."

"बराबर केलं," बाबा म्हणाले. "ती काय म्हने?"

"काय म्हनन. उभी राहिली. मंग पानी अंगनात ओतलं आन दार लावून घेतलं."

आमच्या घरातल्या पोरीनं चारचौघांत कोणाच्या हातचं पाणी उडवून लावलं, हे ऐकताना मला कसंतरीच झालं. आजोबांना काय वाटलं असतं, असं मनात आलं. पण ती बाई जिवंत राहणार होती, आणि तेच मोठं होतं, अशी मी माझी समजूत घातली. बाबांची समजूत घालायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी आई असतानाही पाहिला नव्हता.

वर्षावास संपला त्या पौर्णिमेला कॉलनीतल्या विहारात खीरदान होतं. वंदना झाली, पंचशील म्हणून झालं. पहिलं शील हिंसेपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना बाबांचा आवाज नेहमी खाली जायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशीही गेला. नंतर शेजारच्या काकू माठातलं पाणी गिलासात घेऊन सगळ्यांना देत होत्या. बाबांपाशी आल्यावर त्यांनी सवयीनं गिलास मागे घेतला. बाबांनी हात पुढे केला. "द्या," म्हणाले. काकू बघतच राहिल्या. ते पाणी प्यायले, गिलास परत दिला आणि आणखी मागितलं. मला वाटलं, आता हा माणूस आमच्यात परत आला. मी घरी जाताना रस्त्यात त्यांची चेष्टाही केली, की मामीला आता फोन करून बोलवा, तिचा तांब्या अजून तसाच असेल. ते हसले.

दिवाळी झाली आणि एका दुपारी टीव्हीवर पट्टी सरकली. गस्तीवर स्फोट, जवान जखमी. भाग धाकटीचा होता. बाबा टीव्हीच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले, असं शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, जणू जवळून पाहिलं की नाव दिसेल. मी अमरावतीत स्टाफरूममध्ये होते, तिथून तिचा फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडून अकोल्याला पोचले. संध्याकाळी तिचा फोन आला. मी ठीक आहे, एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. बाबा खुर्चीत बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

रविवारी तिचा आवाज वेगळाच होता.

"माह्यापुढं हवालदार चालून राहिले होते," ती म्हणाली. "त्याईचा पाय गेला. नाल्यावरच्या पुलापाशी पुरलं होतं. त्या गावाच्या पलीकडचाच नाला."

"तुले काही लागलं का?" मी विचारलं.

"मले काही नाही झालं ताई. ऐक ना. बाबा, तुमी पन ऐका. त्याच्या आदल्या फेरीले ती बाई परत आली होती. तांब्या घेऊन. मी पयल्यासारखं जोरात नाही म्हनलं. ती गेलीच नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत आमच्या मागं मागं आली. काहीतरी बोलून राहिली होती. तिची भाषा समजनारा जवान त्या दिवशी संगं नव्हता. तांब्या असा पुढं करे, आन हात सारखा नाल्याकडे करे. मले वाटलं, तिकडं तिचं घर-वावर असन, तिकडं या म्हनते. मी अजून जोरात ओरडली. समद्याईले ऐकू जावं म्हनून. तवा ती गेली."

मी बाबांकडे पाहिलं. ते फोनकडे पाहत होते.

"ती पानी द्याले आली होती, का सांगाले आली होती बाबा?"

माझ्या मनात आलं, गावातल्या बाईला फौजेच्या माणसापर्यंत चारचौघांत जायचं असेल तर तिच्याजवळ दुसरं निमित्तच काय असतं? रिकाम्या हातानं गेली तर खबर द्यायला गेली. पाणी घेऊन गेली तर पाणी द्यायला गेली. हे माझ्या कुठल्याही टिपणात नव्हतं आणि असतं तरी आम्ही तिला उलटंच शिकवून पाठवलं होतं. एका डोंगरात बाबांनी पाणी घेतल्यामुळे एक बाई मेली, म्हणून दुसऱ्या जंगलात पाणी घ्यायचं नाही. एवढ्या वर्षांच्या दुःखातून आम्ही एवढंच काढलं होतं, आणि तेही चुकीच्या ठिकाणी लागलं. किंवा चुकीचं नव्हतंही. ती फक्त पाणीच द्यायला आली असेल, तर तिचा जीव वाचला होता. हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं, आणि मला त्या न कळण्याचाच संताप येत होता.

"त्या बाईले काही झालं का?" बाबांनी अखेर विचारलं.

"नाही. पाह्यली मी काल. दारात होती. आमाले पाहून आत गेली."

"बरं," बाबा म्हणाले. मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

"बाबा," धाकटी म्हणाली, "मले एकच सांगा. आता ती पानी घेऊन आली त घेऊ का नको घेऊ? आमाले उद्या सकाळी तिकडंच जायचं हाय."

सगळी नोकरी हुकूम देण्यात आणि हुकूम मानण्यात घालवलेला हा माणूस. बाजारातून कांदे कुठले आणायचे याचंही त्याच्याकडे ठाम उत्तर असायचं. त्यांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि माझ्या हातात दिला.

"तू शिकवतं ना," ते म्हणाले. "सांग तिले."

मी फोन कानाला लावला. पलीकडे कोणी तरी जनरेटर चालू करत होतं, मधेच तिचा श्वास ऐकू येत होता. मी पुस्तकं आठवली. बाबांची म्हातारी आठवली. परतवाड्याच्या पोरीला द्यायचं राहिलेलं उत्तर आता माझ्या बहिणीला द्यायचं होतं. घे म्हटलं तर त्या बाईचा जीव, नको म्हटलं तर माझ्या बहिणीचा.

"मले नाही माहीत," मी म्हटलं.

ती लहानपणी 'शाळेत एकटी जाते' म्हणायची, अगदी त्या आवाजात म्हणाली, "ठीक हाय ताई. तिथं गेल्यावर मीच पाहीन."